बोटीच्या इंजिनाचे सुटे भाग वर्षभर ठेवायचे तर गंजापासून कसे वाचवावेत?

गोव्यातल्या मालिम जेटीसारख्या खाऱ्या हवेत नुसतं ग्रीस फासून भागत नाही. लायनर, पिस्टन रिंग, क्रँकशाफ्ट आधी रॉकेलने धुवा, पूर्ण सुकवा आणि मग उघड्या हाताने धरूच नका. घामातल्या मिठामुळे घासलेल्या चकचकीत पृष्ठभागावर बोटांचे ठसेच आधी गंजतात, अगदी रेघांसकट! सुकलेल्या भागांवर गंजरोधक तेल लावा, व्हीसीआय कागदात (गंज रोखणारी वाफ सोडणारा कागद) गुंडाळा, जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून सील करा. वर्तमानपत्र नको, ते ओल धरतं.

हे सगळं मे महिन्यातच उरका. पाऊस लागल्यावर पिशवी बंद केलीत तर दमट हवाच आत कोंडते. रबरी सील वेगळे, तेलापासून लांब. क्रँकशाफ्ट उभा बांधून ठेवा, फळीवर. सिमेंटच्या जमिनीवर मुळीच नको.