टांकसाळ, टंक आणि टक्का

'रिझर्व्ह बँकेच्या टांकसाळीत नोटा छापल्या' हे चालेल का, असा प्रश्न आहे. चालणार नाही. बातम्यांत हे रोज ऐकून कान किटले. टांकसाळीत नाणी पाडतात, नोटा मुद्रणालयात छापतात. शिवाय टांकसाळ रिझर्व्ह बँकेची नव्हेच. मुंबई, कोलकाता, हैदराबाद, नोएडा या चारही केंद्र सरकारच्या महामंडळाकडे आहेत. बँकेकडे आहे तो नोटा काढण्याचा मक्ता, १९३४च्या कायद्याच्या २२व्या कलमाने मिळालेला. छापखान्यांपैकी नाशिक आणि देवास त्याच सरकारी महामंडळाचे. म्हैसूर आणि सालबनी तेवढे बँकेच्या उपकंपनीचे.

खरी गंमत 'टंक' या शब्दात आहे. संस्कृतात टंक म्हणजे पाथरवटाची छिन्नी, चार मासे (मासा हे सोनाराचं जुनं वजन) भरेल इतकं वजन आणि ठसा मारलेलं नाणंही. त्या टंकाची शाला ती टांकसाळ. धातूच्या पट्टीतून चकत्या कापायच्या, तापवून मऊ करायच्या, कड उचलायची आणि दोन ठशांमध्ये दाबायच्या. चकती नीट मऊ झाली नसेल तर ठसा पुसट उठतो, ठशालाही तडा जातो. घाव घालून खूण उठवणं हाच टंकाचा गाभा. टंकलेखनातही तोच.

काही मंडळी टंका हे नाणं थेट तुर्की 'तमगा'वरून, म्हणजे शिक्क्यावरून, आणतात. दिल्लीचा सुलतान इल्तुतमिश याचा चांदीचा टंका तेराव्या शतकातला. छिन्नीवाचक टंक त्याच्या कितीतरी आधीचा. छिन्नी काय सुलतानाने आणली? टंकाचाच पुढे टका झाला, आणि बांगलादेशाची मध्यवर्ती बँक आजही टकाच चालवते. 'शेकडा इतके टके' म्हणता म्हणता टक्का आला, असं माझं ठाम मत आहे. कोशकारांनी हवं तर नाक मुरडावं. म्हणजे रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो व्याजदर) पाव टक्क्याने कमी केला, असं तो ठरवणारी पतधोरण समिती म्हणते तेव्हा तीही टंकच उच्चारते. (टक्केटोणपे मात्र यात ओढू नका, तो टक्का धक्क्याचा.)

'नाण्यालाही छापा असतो, मग टांकसाळीत छापतात म्हटलं तर काय बिघडलं?' हा युक्तिवादही ऐकला. छापा ही नाण्याची बाजू, क्रियापद पाडणेच. अडचण करते ती एक रुपयाची नोट. ती भारत सरकारची, तिच्यावर सही वित्त सचिवांची, आणि २०११च्या नाणे कायद्यात ती चक्क 'नाणे' या व्याख्येत बसते. तरी छापतात तीही मुद्रणालयातच.