संगणकातला माल आणि गोदामातला माल

प्रश्न : रबाळे एमआयडीसीत आमचा प्लास्टिकच्या झाकणांचा कारखाना आहे. सगळा माल टॅलीत चढवतो, तरी महिनाअखेरीच्या मोजणीत आकडा जुळत नाही. बारकोडचं सॉफ्टवेअर घ्यावं का?

उत्तर : घ्या, पण आधी फरक कुठून येतो ते शोधा. नाहीतर तीच चूक नव्या सॉफ्टवेअरमध्ये जास्त वेगाने होईल.

तुमच्या धंद्यात पहिला संशय एककावर घ्यावा. प्लास्टिकचा दाणा (कच्चा माल) येतो किलोत, झाकणं निघतात नगांत, विक्री होते खोक्यांत. खोक्यात ५०० धरलेत आणि भरणाऱ्याने ४८० भरली, तर शंभर खोक्यांत २,००० झाकणं कागदावर जास्त दिसतात. म्हणून प्रत्येक मालाचं एकच मूळ एकक ठरवा आणि खोकी वजन करूनच बंद करा.

दुसरं कारण वेळेचं. गाडी दुपारी दोनला भरून जाते आणि चलन संध्याकाळी सहाला चढतं. मधल्या चार तासांत विक्रीवाला तोच माल दुसऱ्या गिऱ्हाइकाला कबूल करून बसतो. नोंद माल हलतानाच झाली पाहिजे, इथे कसलीही सवलत देऊ नका. स्कॅन तीनच ठिकाणी ठेवा : आवक घेताना, कप्प्यात ठेवताना, गाडीत चढवताना. त्यासाठी रॅकना पत्ते लागतील. ए-०३-२ म्हणजे ए ओळ, तिसरा रॅक, दुसरा कप्पा.

लेबल स्वस्तातलं घेऊ नका. साधा थर्मल कागद पत्र्याच्या गोदामात उन्हाळ्यात काळवंडतो आणि बारकोड वाचला जात नाही. रिबनवर छापणारा प्रिंटर घ्या. पावसाळ्यात ओलसर पुठ्ठ्यावर लेबल सुटतं, म्हणून ते खोकं भरण्याआधी, कोरड्या जागी लावा. बारकोडच्या दोन्ही बाजूंना कोरी जागा सोडा, आणि त्यावर चिकटपट्टी येऊ देऊ नका. तिच्या चकाकीने स्कॅनर चुकतो.

महिनाअखेरची मोठी मोजणी हवी तर ठेवा. पण रोज वीसेक कप्पे मोजलेत तर फरक त्याच आठवड्यात सापडेल, आणि तो कोणत्या पाळीत पडला हेही सांगता येईल.

प्रश्न : ठाण्यात नळ-फिटिंगचं दुकान आहे. मालावर आरएफआयडी (रेडिओ लहरींनी वाचले जाणारे टॅग) लावावं असं सुचवलं जातंय.

उत्तर : सध्या नको. पितळ-स्टीलवर साधा टॅग नीट वाचला जात नाही. धातूसाठीचे खास टॅग मिळतात, पण ते महाग पडतात. एका दुकानाच्या मालाला बारकोड पुरतो.

प्रश्न : भिवंडीहून नागपूरला निघालेली आमची गाडी कसारा घाटाजवळ बंद पडली. माल दुसऱ्या गाडीत घातला, तर नवं ई-वे बिल (मालवाहतुकीसाठी जीएसटीचा ऑनलाइन परवाना) काढावं लागतं का?

उत्तर : नाही. त्याच बिलाच्या भाग ‘ब’मध्ये, म्हणजे गाडीच्या माहितीच्या भागात, नवा गाडी नंबर टाका, मात्र नवी गाडी जागची हलण्याआधी. बहुतेक वेळा माल आधी निघतो आणि नंबर दुसऱ्या दिवशी बदलला जातो. वाटेत तपासणी झाली तर गाडी आणि बिल जुळत नाही, आणि माल अडकतो.

नंबर बदलल्याने मुदत पुन्हा सुरू होत नाही. साध्या मालवाहतुकीला दर २०० किलोमीटर किंवा त्याच्या भागाला एक दिवस मिळतो. ८०० किलोमीटरला चार दिवस, आणि पहिला दिवस बिल काढल्यापासूनच्या दुसऱ्या मध्यरात्री संपतो. मुदतवाढ मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंतच मिळते. तेव्हा कारण, गाडी आहे तिथला पिनकोड आणि उरलेलं अंतर द्यावं लागतं. ट्रान्सपोर्टरचा आयडी बिलात सुरुवातीलाच भरून ठेवा, म्हणजे रात्री तुम्ही झोपेत असलात तरी तो हे करू शकेल.

प्रश्न : न्हावा शेवाहून आमचा आयातीचा कंटेनर निघाला, पण ऑनलाइन शोधला तर ‘नोंद नाही’ असं येतं.

उत्तर : आधी नंबर तपासा. कंटेनर नंबर अकरा अक्षर-आकड्यांचा असतो : चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी एक पडताळणीचा आकडा. सीएसक्यूयू ३०५४३८ ३ यातला शेवटचा ३ आधीच्या दहा अक्षर-आकड्यांच्या गणितातून आलेला आहे. मधला एखादा आकडा चुकला की हिशेब जुळत नाही. एक्सेलमध्ये हे सूत्र एकदा बसवा; फोनवरून ऐकून लिहिलेले चुकीचे नंबर तिथेच पकडले जातील.

नंबर बरोबर असेल तर लॉजिस्टिक्स डेटा बँकेत (कंटेनरचा माग दाखवणाऱ्या ऑनलाइन सोयीत) शोधा. २०१६ मध्ये ही सोय जेएनपीटीत, म्हणजे न्हावा शेवाच्या बंदरातच सुरू झाली. कंटेनरवरचा टॅग बंदराच्या गेटवर, टोलनाक्यावर, सीएफएसमध्ये (बंदराबाहेरच्या कंटेनर यार्डात) वाचला जातो. म्हणजे दोन वाचनांच्या मध्ये गाडी कुठे आहे ते तिथे कळत नाही, शेवटचं ठिकाणच दिसतं. उरणच्या रस्त्यावर गाडी थांबली असेल तर ड्रायव्हरचा जीपीएसच उपयोगी.

प्रश्न : वाशी मार्केटमधून द्राक्षं आखातात पाठवतो. रीफरच्या (थंड कंटेनरच्या) पडद्यावर तापमान बरोबर होतं, तरी माल नरम पोहोचला.

उत्तर : पडद्यावर हवेचं तापमान असतं, फळाचं नाही. रीफरचं काम गार माल गारच राखणं हे आहे. गरम माल तो नीट थंड करू शकत नाही. द्राक्षं आधी प्रीकूलिंगमध्ये (भरण्याआधी गार करण्याच्या खोलीत) शून्य अंशाच्या जवळ आणा आणि भरण्यापूर्वी मण्यात सुई घालून तापमान बघा. पेट्या कंटेनरच्या आतल्या भिंतीवरच्या लाल रेषेच्या वर रचू नका : हवा खालून वर जाते, वरून परत येते, आणि ती वाट बुजली की वरचे थर तापतात.

डेटा लॉगर (तापमान नोंदवणारी छोटी यंत्रं) तीन ठेवा : दाराजवळ, मधल्या पॅलेटच्या पेटीच्या आत, आणि वरच्या थरात. नोंद दर पंधरा मिनिटांनी. कोणता लॉगर कोणत्या पॅलेटवर आहे ते लिहून ठेवा, आणि त्याचं घड्याळ भारतीय वेळेवर आहे का तेही पाहा.

आलेख वाचताना आकारावर लक्ष ठेवा. रेषा पहिल्या दोन दिवसांत हळूहळू खाली येत असेल, तर माल गरमच भरला गेला होता. काही तासांनी येणारे छोटे उंचवटे डीफ्रॉस्टचे, म्हणजे यंत्रावरचा बर्फ वितळवण्याचे असतात, त्यांनी घाबरू नका. पण चार-पाच तास रेषा चढतच गेली, तर कुठेतरी रीफरचा विजेचा प्लग काढलेला होता. ती वेळ यार्डाच्या गेट-पासशी ताडून पाहा आणि विम्याच्या दाव्याला दोन्ही कागद एकत्र जोडा.