लिफ्ट करायच्या आधी टायर बघा

प्रश्न : माझी २०२१ ची थार एलएक्स डिझेल आहे. कंपनीचे २५५/६५ आर १८ टायर गुळगुळीत झालेत. घर चिपळूणजवळच्या वाडीवर. शेवटचा टप्पा कच्चा आहे, पावसात लाल चिखल आणि जांभ्याचे दगड. दुकानदार म्हणतो, ३३ इंची मड टायर (चिखलासाठीचे) आणि दोन इंच लिफ्ट (गाडी तेवढी वर उचलणं) एकदमच करून टाका. करावं का?

उत्तर : या रस्त्यासाठी दोन्हीची गरज नाही. थारचा मागचा एक्सल सलग आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकाच दांड्याला जोडलेली. लिफ्टने चासी आणि बॉडी वर जाते, पण दोन चाकांमधलं डिफरन्शियलचं (चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचं) हाउसिंग होतं तिथेच राहतं आणि दगड अडकतो तो नेमका त्यालाच. हाउसिंग वर न्यायचं तर मोठा टायर हा एकच मार्ग आहे, आणि त्यातही व्यास जेवढा वाढतो त्याच्या निम्मंच अंतर पदरात पडतं.

हिशेब कागदावर करून बघा. रिमचे इंच गुणिले २५.४, त्यात टायरच्या बगलेची उंची दोनदा मिळवायची. तुमच्या टायरचं रिम ४५७ मिमी. बगल २५५ च्या ६५ टक्के, म्हणजे १६६, दोन्हीकडची ३३२. एकूण ७८९ मिमी. ३३ इंची म्हणून विकला जाणारा २८५/७० आर १७ घेतला तर ८३१. व्यास ४२ मिमीने वाढला, हाउसिंगखाली मिळाले २१. त्यासाठी गिअर पाच टक्क्यांनी लांबतात (म्हणजे ओढ तेवढी कमी होते), स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८४ वर असते, ब्रेकला जड चाक थांबवावं लागतं. शिवाय टायर मडगार्डला घासू नये म्हणून लिफ्ट, आणि लिफ्टमुळे पुढचे खर्च.

तुमच्या पैशाचा खरा उपयोग रिम लहान करण्यात आहे. २०२० नंतरच्या थारच्या एएक्स प्रकारात कंपनीच १६ इंची रिमवर २४५/७५ आर १६ देत होती. त्याचा व्यास ७७४ मिमी, म्हणजे हाउसिंगखाली सात-आठ मिमी कमी होतील. पण बगल १६६ ची १८४ होते. दगडाच्या धारेवर चाक चढतं तेव्हा रिम आणि दगड यांच्यामध्ये तेवढंच रबर असतं. बगल उंच असली की हवा कमी करता येते, टायर दगडाला धरून बसतो आणि रिम वाकत नाही. हाउसिंगखालची उंचीही टिकवायची असेल तर २६५/७५ आर १६ बघा. व्यास ८०४, बगल १९९.

मोठा साइज घेताना पाचही टायर चढवून मोकळे होऊ नका. आधी पुढे एकच चाक लावा. मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला खडू फासा आणि स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून गाडी पुढे-मागे घ्या. मग तेच चाक फूटभर उंच दगडावर चढवून स्प्रिंग दबलेली असताना पुन्हा वळवा. टायर घासत असेल तिथला खडू पुसला जातो. रिव्हर्समध्ये वळवून बघायला बहुतेक जण विसरतात, आणि बंपरच्या कडेला घासतं ते बऱ्याचदा तेव्हाच. रिम नवं असेल तर ब्रेक कॅलिपरपासूनचं अंतरही चाक हाताने पूर्ण फिरवून तपासा.

नक्षी ऑल-टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीची) घ्या. मड टायरच्या ठोकळ्यांमधला चिखल साफ होतो खरा, पण ओल्या डांबरावर आणि ओल्या जांभ्यावर त्याची पकड कमी पडते, कारण ठोकळ्यांवर बारीक चिरा फारशा नसतात. वाडीचा चिखल थोडाच आहे; कुंभार्ली घाटात पावसात ब्रेक मात्र रोज मारावा लागणार. बगलेवरचा भार-अंक मूळ टायरपेक्षा कमी नको (११२ म्हणजे एका टायरला ११२० किलो). तयारीचा आठवडाही वाचून घ्या. २३२४ असेल तर तो टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यातला.

प्रश्न : जिम्नीला दोन इंच लिफ्ट किट बसवलं. आता हायवेला गाडी सरळ चालत नाही, सतत स्टीअरिंग सावरावं लागतं. सत्तरच्या आसपास कधी कधी पुढचं सगळं थडथडतं. गॅरेजवाला स्टीअरिंग डॅम्पर बदलू म्हणतो. (सातारा)

उत्तर : डॅम्पर (स्टीअरिंगचे हिसके शोषणारा शॉकअब्सॉर्बर) आत्ता बदलू नका. नवा डॅम्पर थडथड काही दिवस दाबून ठेवेल आणि तोवर खरा दोष वाढत जाईल.

तुमच्या तक्रारी दोन आहेत, त्यांची कारणंही वेगळी आहेत. गाडी भरकटते ती कॅस्टर कमी झाल्यामुळे. जिम्नीचा पुढचा एक्सलही सलग आहे आणि तो मागे जाणाऱ्या दोन आर्मवर धरलेला आहे. बॉडी वर गेली की आर्म खाली झुकतात, एक्सल स्वतःभोवती थोडा फिरतो आणि चाकाला आपोआप सरळ ठेवणारा कोन, म्हणजेच कॅस्टर, कमी होतो. दर इंचाला साधारण एक अंश असं धरा. यावर इलाज म्हणजे आर्मच्या पुढच्या टोकाला कॅस्टर दुरुस्तीचे, केंद्राबाहेर भोक असलेले बुश (सांध्यातली रबरी नळी). ते प्रेसवरच बसवायचे आणि खूण कोणत्या दिशेला ठेवायची ते किटच्या कागदावर पाहायचं. उलटे बसले तर दोष दुप्पट होतो. नंतर अलाइनमेंटच्या मशिनवर कॅस्टरचे आकडे मागून घ्या. 'टो केला' (चाकांच्या पुढच्या कडा जुळवल्या) एवढ्यावर गाडी ताब्यात घेऊ नका.

लिफ्टने एक्सल एका बाजूलाही सरकतो. एक्सलला आडवं धरून ठेवणाऱ्या पॅनहार्ड रॉडचं एक टोक चासीला, दुसरं एक्सलला असतं. बॉडी वर गेली की रॉड तिरका होतो आणि एक्सलला चासीच्या टोकाकडे ओढतो. सपाट जागेवर दोन्ही बाजूंना टायर मडगार्डच्या किती आत-बाहेर आहे ते ओळंब्याने मोजा. फरकाच्या निम्मा एक्सल सरकलेला आहे. लांबी बदलता येणारा रॉड घालून तो मधोमध आणायचा, मग स्टीअरिंगचा ड्रॅग लिंक (स्टीअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा रॉड) जुळवून स्टीअरिंगचं चाक सरळ करायचं.

थडथडीसाठी क्रम असा. प्रथम चारही चाकांचं बॅलन्सिंग आणि हवा. मग इंजिन चालू ठेवून एकाला स्टीअरिंग थोडंथोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि खाली झोपून पॅनहार्डच्या दोन्ही बुशांकडे बघा. रॉडचं टोक बोल्टभोवती हललं तर बुश गेला. नंतर पुढचं चाक जॅकवर घ्या. वर-खाली धरून हलवल्यावर खेळ जाणवला तर किंगपिन (चाक ज्यावर वळतं ती खुंटी) किंवा चाकाचं बेअरिंग. डावी-उजवीकडे धरून जाणवला तर टाय रॉडची (दोन चाकं जोडणाऱ्या रॉडची) टोकं.

आणि एक गोष्ट जी फिटर घाईत हमखास सोडतात. आर्म आणि पॅनहार्डचे बुशाचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना आवळायचे नसतात. गाडी चाकांवर उभी करायची, दोनदा दाबून हलवायची आणि मग टॉर्क पान्याने आवळायचं. लटकत्या अवस्थेत आवळलेला बुश गाडी खाली आली की कायमचा पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो.

प्रश्न : जुनी थार सीआरडीई आहे. मिस्त्री म्हणतो, पुढचे टॉर्शन बार आवळतो, मागे लांब शॅकल लावतो, स्वस्तात दोन इंच मिळतील. (जुन्नर)

उत्तर : दोन इंच मिळतील, पण चाकाचा खाली जाण्याचा प्रवास संपेल. टॉर्शन बार म्हणजे पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारी सळई. तिचा बोल्ट आवळल्याने बार कडक होत नाही, फक्त गाडी जिथे उभी राहते ती उंची बदलते. आर्म आधीच खाली गेलेला असल्याने खड्डा आला की तो लगेच खालच्या रबराला आपटतो, आणि मालक म्हणतो गाडी कडक झाली. शाफ्टचा कोन वाढून सीव्ही जॉइंटचे (शाफ्टच्या वळत्या सांध्याचे) रबरी बूट फाटतात ते वेगळंच. अर्धा ते पाऊण इंच इथवर ठीक आहे. बोल्टचे आटे आधी मोजून लिहून ठेवा, दोन्ही बाजूंची उंची सारखी करा आणि लगेच अलाइनमेंट करा.

मागच्या पाट्यांचं शॅकल (पाट्याचं टोक चासीला लटकवणारी पट्टी) दोन इंचांनी लांब केलं तर उंची एकच इंच वाढते, कारण पाट्याचं एकच टोक खाली येतं. एक्सल कलतो आणि प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस (शाफ्टचा सांधा) आवाज करू लागतो. त्यापेक्षा पाटे उघडून कमान भरून घेणं किंवा नवा संच घालणं चांगलं. पाटे एक्सलला आवळणारे यू-बोल्ट मात्र नवेच घ्या. एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा तेवढी पकड देत नाही. ५०० किलोमीटरनंतर नवे बोल्ट परत आवळायचे. ब्रेकचा पाइप आणि शॉकअब्सॉर्बर पुरेसे लांब आहेत का, ते चाक पूर्ण लटकवून बघितल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.

प्रश्न : परभणीकडे शेतात जावं लागतं. काळ्या मातीत हवा किती ठेवावी?

उत्तर : दरवाजाच्या स्टिकरवर ३२ पीएसआय असेल तर चिखलात २० पर्यंत उतरा, रेतीत १६ पर्यंत. साध्या रिमवर त्याखाली नको. जोरात वळताना टायर रिमवरून निसटतो. कमी हवेवर वेग तीसच्या आत ठेवायचा आणि डांबरावर चढायच्या आधी हवा भरायची, नाहीतर बगल तापून टायर आतून तुटतो. हवेचा पंप चिमटे लावून थेट बॅटरीवर चालणारा घ्या, कारण सिगारेट सॉकेटचा फ्यूज बऱ्याचदा टिकत नाही.

काळी माती नीट भिजलेली असेल तर कोणताच टायर कामाचा नाही. ती ठोकळ्यांत भरून घट्ट बसते, टायर गोळा होतो आणि मडगार्डही भरतं. अशा वेळी मड टायर थोडा बरा, पण बांध उतरायच्या आधी चालत जाऊन बघा. बूट घोट्याच्या वर रुतला तर गाडी बांधावरच ठेवा.

प्रश्न : लिफ्ट कायदेशीर आहे का? विम्याचं काय? (पनवेल)

उत्तर : मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की कंपनीने मुळात दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलांत फरक पडेल असा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. कलम १८२अ प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीला बदल कळवला नसेल तर दाव्याच्या वेळी तोच मुद्दा पुढे येतो. त्यामुळे कंपनीने त्याच मॉडेलला दिलेल्या साइजमध्ये राहणं सगळ्यात सुरक्षित, आणि काहीही बदलण्याआधी विमा कंपनीचं उत्तर लेखी घ्या.

प्रश्न : चार टायर मोठे घेतले, स्टेपनी जुनीच ठेवली तर चालेल?

उत्तर : टू-व्हीलवर हळू चालवत पंक्चरवाल्यापर्यंत जाण्यापुरती चालेल, तीही शक्यतो पुढे लावून. थार किंवा जिम्नीत फोर-व्हील टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधले जातात. व्यासात फरक असला की दोन्ही एकमेकांना पिळत राहतात. डांबरावर तो ताण सुटायला जागा नसते, गिअर अडकतो, ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीवर) ताण येतो. पंक्चर नेमकं चिखलात होतं, जिथे फोर-व्हील लागतंच. म्हणून पाच टायर एकदम घ्या आणि दर ८००० किलोमीटरला पाचही फिरवा. मोठी स्टेपनी मागच्या दारावर टांगली असेल तर बिजागरीचे बोल्ट महिन्याभराने तपासा. दार उघडून वर-खाली उचललं आणि कट्‌कट् झालं, तर ते सैल झालेत.