‘मोठ्या विद्यापीठातच’: प्रीमेड, कम्युनिटी कॉलेज आणि एक अक्षर

मार्चअखेर कॉलेजांची उत्तरं येऊ लागली की कॅलिफोर्नियाच्या बे एरियातल्या मराठी घरांमधून एकच प्रश्न दरवर्षी माझ्याकडे येतो. मुलाला किंवा मुलीला डॉक्टर व्हायचंय. प्रीमेडचे, म्हणजे मेडिकलच्या आधीचे, विषय घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजमध्ये (दोन वर्षांचं स्वस्त सरकारी कॉलेज, तिथून पुढे विद्यापीठात बदली घेता येते) केले तर पैसे वाचतात, पण मेडिकल स्कूल नाक मुरडेल का?

विचारणाऱ्या बहुतेक आईवडिलांनी स्वतः पाहिलेली वाट बारावी, प्रवेश परीक्षा, एमबीबीएस अशी सरळ असते. इथे अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी, मग चार वर्षं मेडिकल स्कूल, मग रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातलं प्रशिक्षण. प्रीमेड नावाची पदवी नसते, ती विषयांची यादी असते. जीवशास्त्र, सामान्य रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र हे प्रत्येकी एक वर्ष, प्रयोगशाळेसह. त्याशिवाय बायोकेमिस्ट्री, संख्याशास्त्र, इंग्रजी, थोडं मानसशास्त्र आणि समाजशास्त्र. ही यादी कुठे पूर्ण करायची, एवढाच खरा प्रश्न असतो. पण तो घरात येतो तेव्हा एवढाच राहत नाही.

एका कुटुंबाच्या सहा बैठका इथे मोजक्या संवादांत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पहिल्या बैठकीला तिघं आले. मुलगी अठरा वर्षांची. वडील सांगली भागातले, इथे सॉफ्टवेअरमध्ये.

“मॅडम, हिला राज्याबाहेरच्या नावाजलेल्या खासगी विद्यापीठात प्रवेश मिळालाय,” वडील म्हणाले. “आणि ही म्हणते, घरी राहून कम्युनिटी कॉलेजला जाते. डॉक्टर व्हायचं तर पहिल्या दिवसापासून मोठ्या विद्यापीठातच शिकायला पाहिजे ना?”

“राहण्या-खाण्यासकट वर्षाला ८०,००० डॉलरच्या वर,” आई म्हणाली. “धाकटा अजून नववीत आहे.”

“पैसे वाचतील म्हणूनच म्हणतेय मी,” मुलगी म्हणाली आणि गप्प बसली.

वडिलांचं वाक्य मी कागदावर जसंच्या तसं लिहिलं आणि ‘विद्यापीठातच’ मधल्या ‘च’भोवती गोल काढला. परिस्थिती माणसाला छळते त्याहून जास्त तिच्याबद्दलचा हट्ट छळतो, असं मी मानते. आणि मराठीत तो हट्ट बहुतेक वेळा या एका अक्षरात बसलेला असतो. व्हायलाच पाहिजे, तिथेच पाहिजे, आत्ताच पाहिजे. मी विचारलं, “हा ‘च’ कुणी घातलाय? मेडिकल स्कूलनं?”

“तसंच असणार,” ते म्हणाले.

मग पाहूनच घ्या, असं ठरलं. अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांची संघटना, एएएमसी, प्रत्येक स्कूलच्या प्रवेशाच्या अटी एमएसएआर या संकेतस्थळावर देते. कम्युनिटी कॉलेजचे विषय चालतात का, ऑनलाइन लॅब चालते का, हायस्कूलमधल्या एपी या कॉलेज पातळीच्या विषयांचं क्रेडिट चालतं का, हे तिथे स्कूलनिहाय सापडतं. मुलीला जिथे अर्ज करावासा वाटतो अशा दहा ठिकाणांची नोंद वडिलांनी करून आणायची होती.

दुसऱ्या बैठकीला ते रंगीत तक्ता घेऊन आले. बहुतेकांना कम्युनिटी कॉलेजचे विषय चालत होते. काहींनी विज्ञानाचे विषय चार वर्षांच्या विद्यापीठात केलेले बरे, असं म्हटलं होतं. ‘च’ कुठेही नव्हता. तरी त्यांचा चेहरा उतरलेलाच होता.

“उत्तर तर मिळालं. मग अजून काय टोचतंय?”

बराच वेळ गेला. मग ते म्हणाले, “माझ्या इंजिनिअरिंगसाठी वडिलांनी प्रॉव्हिडंट फंडातून उचल काढली होती. मंडळातले लोक मुलांना कुठे कुठे पाठवतात. आणि मी काय करतोय, तर मुलीसाठी ४६ डॉलरचं युनिट शोधतोय.” (युनिट म्हणजे विषयाचं वजन मोजायचं माप, फी त्यावरच ठरते.)

मेडिकल स्कूलच्या आड हे दडलेलं होतं. या माणसाच्या मनात खर्च म्हणजे माया होती. कमी खर्च केला की माया कमी पडली. पैशांच्या प्रश्नाला पैशांच्या आकड्यांनी कितीही उत्तर दिलं तरी समाधान होत नसेल, तर तो प्रश्न बहुधा दुसराच असतो, हे इतक्या घरांमधून पाहिल्यावर मला आता लवकर दिसतं. मी एवढंच म्हटलं, “वडिलांनी फंड मोडला तो तुम्ही शिकावं म्हणून. मोडलेल्या फंडाचा अभिमान वाटावा म्हणून नव्हे.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. आणि तेव्हा मुलगी म्हणाली, “मॅडम, पुढच्या वेळी मी एकटी येऊ?”

तिसरी बैठक हीच खरी कलाटणी. अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात तिनं हायस्कूलमध्ये असतानाच कम्युनिटी कॉलेजात सामान्य रसायनशास्त्राचा पहिला भाग घेतला होता. पाच युनिट, श्रेणी ‘सी’. घरी सांगितलं नव्हतं.

“हायस्कूलमध्ये होते, म्हणजे ते धरणार नाहीत ना?” तिनं विचारलं. “आणि आता तिथेच राहिले तर सोपं जाईल. मोठ्या विद्यापीठात सगळे माझ्यापेक्षा हुशार असतील.”

इतके दिवस तिच्या तोंडी ‘पैसे वाचतील’ होतं. पैसे वाचवणं हे उत्तम कारण आहे. लपायला जागा शोधणं हे कारण नव्हे, कारण ही जागा लपवत नाही. वडील मोठ्या नावाआड उभे होते, मुलगी छोट्या नावाआड. दोघांनाही एकाच गोष्टीची भीती होती, आपण कमी पडल्याचं दुसऱ्याला दिसेल याची. हे लक्षात आल्यावर पुढच्या तीन बैठकांचं काम सोपं झालं. तिला मी दिलासा दिला नाही, आकडे दिले. अशा वेळी आकडे जास्त दयाळू असतात.

एमडीच्या (इथे डॉक्टरची मूळ पदवीच एमडी) बहुतेक स्कूलांचा अर्ज ॲमकास या एकाच यंत्रणेतून जातो. तिथे शिकलेल्या प्रत्येक कॉलेजचं गुणपत्रक द्यावं लागतं, हायस्कूलमध्ये असताना घेतलेल्या कॉलेजच्या विषयांचंसुद्धा. ते गुण हायस्कूलच्या वेगळ्या ओळीत दिसतात आणि पदवीच्या एकूण सरासरीतही धरले जातात. जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित यांची वेगळी सरासरी निघते. विषय पुन्हा घेतला तर नवी श्रेणी जुनीला पुसत नाही, दोन्ही मोजतात. ‘ए’चे ४ आणि ‘सी’चे २ गुण धरतात, म्हणून ५ युनिटांचा ‘सी’ आणि त्याच विषयाचा पुढचा ‘ए’ मिळून त्या १० युनिटांची सरासरी ३.० होते. शिवाय कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात ‘सी’ मिळालेला विषय सहसा पुन्हा घेऊच देत नाहीत.

तिच्यासमोर हिशोब मांडला. विज्ञान-गणिताची एकूण ६० युनिटं धरू. ५ युनिटांचा ‘सी’ म्हणजे १० गुण. उरलेल्या ५५ युनिटांत ३.८ राखले तर २०९. बेरीज २१९, सरासरी ३.६५. ती त्या आकड्याकडे बघत राहिली. “एवढंच?” म्हणाली. वर्षभर तिनं मनात जो डोंगर वाहिला तो ०.१५ चा होता.

पण ‘सी’ का आला हेही पाहायलाच हवं होतं. सत्राचा अभ्यास उन्हाळ्यात सहा-आठ आठवड्यांत कोंबलेला असतो. आठवड्यात दोन-तीनदा लॅब, तिचे अहवाल, त्यातच मोलॅरिटी आणि समतोलाची गणितं. एक आठवडा मागे पडलं की भरून निघत नाही. म्हणून माझा आग्रह असतो की रसायन आणि भौतिक उन्हाळ्यात घेऊ नका, उन्हाळ्यात समाजशास्त्र किंवा इंग्रजी उरका. तिनं रसायनाचा दुसरा भाग घेण्याआधी पहिल्या भागाचे धडे स्वतः पुन्हा सोडवायचे ठरवले, श्रेणीसाठी नव्हे, पायासाठी. दुसरा भाग आणि पुढचं सेंद्रिय रसायन त्यावरच उभं राहतं.

मग आराखडा. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजात सत्र पद्धतीचं युनिट ४६ डॉलरला पडतं, म्हणजे ६० युनिटं २,७६० डॉलर, आणि पहिल्यांदाच पूर्णवेळ शिकणाऱ्यांची फी बरीच कॉलेजं दोन वर्षं माफही करतात. पुस्तकं आणि प्रवास वेगळे. वाचलेल्या पैशांना आता जास्त मोल आहे. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी केंद्राचं ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणाचं कर्ज बंद, आणि मेडिकलसारख्या पदवीला केंद्राचं कर्ज वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरपर्यंतच. पुष्कळ मेडिकल स्कूलांचा चार वर्षांचा खर्च त्याहून जास्त होतो. पदवीच्या काळात वाचलेला डॉलर तिथे लागेल, हे ऐकल्यावर वडील पहिल्यांदा पुढे सरसावून बसले.

कम्युनिटी कॉलेजात करायचं ते सामान्य रसायन, जीवशास्त्र, भौतिक, कॅल्क्युलस, संख्याशास्त्र, इंग्रजी. इथे घात होतो तो विषयाच्या नावात. ‘रसायनशास्त्राची ओळख’ किंवा नर्सिंगसाठीचं रसायन म्हणजे प्रीमेडचं रसायन नव्हे. विज्ञानात पदवी घेणाऱ्यांसाठीचीच मालिका हवी. कुठला विषय कुठल्या यूसीत (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या कॅम्पसमध्ये) कशाला समकक्ष, हे असिस्ट या राज्याच्या संकेतस्थळावर नोंदणीआधी बघायचं. मालिका एकाच कॉलेजात पूर्ण करायची. एकीकडे सत्र, दुसरीकडे तिमाही असेल तर अर्धी मालिका इथे आणि अर्धी तिथे केल्यावर मधला एखादा धडा हमखास सुटतो. तिमाहीचं युनिट सत्राच्या दोन तृतीयांशच धरतात, तेही विसरू नका.

सेंद्रिय रसायनाबद्दल मतभेद आहेत. माझं मत असं, की पूर्ण वर्ष कम्युनिटी कॉलेजात होत असेल तर करा, पण बायोकेमिस्ट्री, जेनेटिक्स, पेशीजीवशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र हे बदलीनंतर विद्यापीठातच घ्या आणि तिथे उत्तम गुण मिळवा. (हा ‘च’ मी जाणूनबुजून ठेवला आहे.) प्रवेश समितीला शंका असते ती कॉलेजच्या नावाची कमी आणि पुढच्या अवघड विषयांत टिकेल का याची जास्त. त्याचं उत्तर हे विषय देतात, आणि एमकॅट ही मेडिकलची प्रवेश परीक्षा देते. कॉलेज कुठलंही असो, ४७२ ते ५२८ ही मोजपट्टी सगळ्यांना सारखीच.

बदली गृहीत धरू नका. यूसीच्या डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बारा आणि सांता क्रूझ या सहा ठिकाणी अटी पूर्ण केल्यास प्रवेशाची हमी मिळू शकते. हमीचा अर्ज त्यांपैकी एकाच ठिकाणी, बदलीच्या आदल्या सप्टेंबरात, आणि आपली शाखा त्यात बसते का ते आधी पाहून. शिफारसपत्रांचं काम पहिल्या वर्षापासून हवं. कम्युनिटी कॉलेजात वर्ग लहान असतात, प्राध्यापक स्वतः शिकवतात, त्यांच्या भेटीच्या वेळेत जात राहिलं की ते नावानं ओळखतात. पण विज्ञानाचं निदान एक पत्र विद्यापीठातलंही असावं, आणि तिथे जाऊन दोनच वर्षं मिळतात.

मुलं एच-फोरवर, म्हणजे पालकांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून, असलेल्या घरांना एक वेगळी सूचना. एकविसाव्या वर्षी तो व्हिसा संपतो, आणि बरीच मेडिकल स्कूलं नागरिक किंवा ग्रीनकार्डधारकांनाच घेतात. तुमचा पहिला प्रश्न कॉलेजचा नाही, वकिलाचा आहे.

शेवटच्या बैठकीला पुन्हा तिघं आले. मुलीनं वडिलांना ‘सी’बद्दल सांगितलं, माझ्याकडे न बघता, त्यांच्याकडे बघून. ते काही बोलले नाहीत. लॅपटॉप उघडून त्यांनी तोच रंगीत तक्ता काढला, नवं पान घेतलं आणि पहिल्या ओळीत टाइप केलं: सामान्य रसायनशास्त्र, पहिला भाग, उन्हाळा.

“लॅब धरून पाच युनिटं ना गं?” त्यांनी विचारलं.

“हो बाबा, पाच.”