२०१२ मध्ये ॲक्टा करारावरून युरोपातली पोरं रस्त्यावर का उतरली होती?

फुकट पिक्चर मिळणार नाहीत म्हणून, असं बरेच जण सांगतात, पण ते अर्धंच खरंय. ॲक्टा म्हणजे नकली माल आणि कॉपीराइटची चोरी रोखायचा आंतरराष्ट्रीय करार, आणि खरी बोंब ही होती की तो काही वर्षं बंद दाराआड शिजला, लोकांना मसुदा कळायचा तो आधी लीक होऊनच. त्यात भीती अशी की इंटरनेट कंपन्याच पोलीस बनणार, कोण काय शेअर करतंय त्यावर नजर ठेवणार.

सगळ्यात जास्त पेटलं पोलंड. २६ जानेवारी २०१२ ला तिकडे टोकियोत सरकारने सही ठोकली आणि इकडे वॉर्सॉच्या संसदेत काही खासदार चक्क गाय फॉक्सचे, म्हणजे जगभर निषेधाची खूण बनलेल्या त्या मिशीवाल्या हसऱ्या चेहऱ्याचे, मुखवटे लावून बसले! त्याच दिवशी युरोपियन संसदेत ज्यांच्याकडे हे प्रकरण होतं त्या कादेर आरिफ यांनी हा सगळा तमाशा आहे म्हणत काम सोडलं. मग फेब्रुवारीत कडाक्याच्या थंडीत शहराशहरांत मोर्चे निघाले, पोलंडचे तेव्हाचे पंतप्रधान टुस्क यांनाही मंजुरी थांबवावी लागली, आणि ४ जुलैला युरोपियन संसदेने ४७८ विरुद्ध ३९ मतांनी करार पार आडवा केला.

आणि हो, भारतानेही डब्ल्यूटीओत, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत, यावर आक्षेप घेतला होता, पण गाण्या-पिक्चरपेक्षा आपल्याला चिंता होती जेनेरिक औषधांची, कारण त्याआधी आपली औषधं युरोपात वाटेतच अडवली गेली होती.