405 लाइनच्या जुन्या ब्रिटिश टीव्हीवर डीव्हीडी प्लेअरचं चित्र आणायला घरी कन्व्हर्टर बनवता येईल का? त्यासाठी अख्खी फ्रेम साठवावी लागते का?

बनवता येतो, आणि फ्रेम साठवायची गरज नाही. मात्र प्लेअर पॅलवर, म्हणजे 625 लाइनच्या टीव्ही पद्धतीवर, ठेवा. एनटीएससी (अमेरिकेची पद्धत) दिलंत तर सेकंदाला 60 फील्ड (एकाआड एक लाइनची अर्धी चित्रं) येतील आणि मग फ्रेम मेमरी आलीच, वर हलत्या चित्रात धक्केही बसतील.

ब्रिटनची 405 ची पद्धत 1936 ते 1985 चालली. तिच्यातही सेकंदाला 50 फील्डच असतात, त्यामुळे बदलायच्या त्या फक्त लाइन. 1952 साली पॅरिसचा 819 लाइनचा कार्यक्रम लंडनला दाखवताना पडद्यासमोर चक्क कॅमेरा लावला होता! आज एक व्हिडिओ डिकोडर चिप (प्लेअरच्या सिग्नलचे आकडे करणारी) आणि लहानसा एफपीजीए (हवं ते सर्किट ज्यात भरता येतं अशी चिप) पुरतो.

खरी गंमत घड्याळात आहे. डिकोडर 27 मेगाहर्ट्झचं घड्याळ (सेकंदाला 2.7 कोटी ठोके) देतो. त्याची तिप्पट 81 मेगाहर्ट्झ. 405 मध्ये सेकंदाला 10,125 लाइन असतात, म्हणजे दर लाइनला बरोबर 8000 ठोके. घड्याळ येणाऱ्या सिग्नलशी जुळलेलं असल्यामुळे दोन्हीकडच्या फ्रेम आपोआप एकत्र चालतात. पिक्सेल दर 9 ठोक्यांनी बाहेर काढला की 720 पिक्सेल 80 मायक्रोसेकंदांत संपतात, आणि लाइनमधल्या चित्राला जागाही साधारण तेवढीच असते. फील्डमधलं चित्र आत येतं सुमारे 18.4 मिलिसेकंदांत, बाहेर जातं 18.6 मध्ये. फरक जेमतेम तीन लाइनचा, म्हणून सात-आठ लाइनचा बफर (तात्पुरती मेमरी) भरपूर झाला.

आता मोह होईल तो मधल्या लाइन सरळ गाळायचा. तसं करू नका. अक्षरांच्या आडव्या कडा तुटतात. बाहेरची प्रत्येक लाइन आतल्या साधारण दीड लाइननंतर येते, तेव्हा ती शेजारच्या दोन-चार लाइनच्या भारित सरासरीने बनवा. दुसरं फील्ड अर्ध्या लाइनने सरकलेलं असतं, तो हिशेब सरासरीच्या गुणकांत धरायलाच हवा, नाहीतर इंटरलेसिंगचा, म्हणजे दोन फील्ड एकमेकांत गुंफण्याचा, बोऱ्या वाजतो. रंग सोडून द्या, फक्त ल्युमिनन्स (उजेडाचा भाग) घ्या.

फील्ड सिंक (नवं फील्ड सुरू झाल्याची खूण) पॅलसारखा नाही: 40 मायक्रोसेकंदांचे आठ रुंद पल्स, त्यांच्या आगेमागचे अरुंद इक्वलायझिंग पल्स अजिबात नाहीत.

बहुतेक लोक अडतात ते मॉड्युलेटरपाशी, म्हणजे चित्र रेडिओलहरीवर (कॅरियरवर) चढवणाऱ्या भागापाशी. बाजारातले तयार मॉड्युलेटर बहुधा निगेटिव्ह मॉड्युलेशनचे (पांढऱ्याला कॅरियर सर्वांत कमी) असतात, इथे पॉझिटिव्ह लागतं: सिंकला कॅरियर शून्य, काळ्याला 30 टक्के, पांढऱ्याला 100. आवाज एएममध्ये (कॅरियरची उंची बदलून), चित्राच्या कॅरियरच्या 3.5 मेगाहर्ट्झ खाली. चॅनल 1 ला चित्र 45 मेगाहर्ट्झवर, आवाज 41.5 वर. एवढा खटाटोप नको असेल तर हॅकटीव्ही हे मुक्त सॉफ्टवेअर आणि हॅकआरएफ हे संगणकाला जोडायचं रेडिओ उपकरण यांच्या जोडीने 405 थेट तयार होतं. माझ्या मते आधी हेच करून बघा, म्हणजे टीव्ही ठीक आहे की नाही ते कळेल. सिग्नल केबलनेच द्या, अँटेना लावू नका.

आणि टीव्ही लगेच प्लगला जोडू नका. अशा अनेक संचांच्या चासीला मेनची एक वायर थेट जोडलेली असते. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (संचाला मेनपासून वेगळं ठेवणारा) वापरा, मेणकागदाचे जुने कपॅसिटर आधी बदला. पिक्चर ट्यूबवर स्विच बंद केल्यावरही हजारो व्होल्ट टिकून राहू शकतात, म्हणून झाकण उघडण्याआधी जाणकाराला सोबत घ्या.