सोसायटीचा हिशेब: एक्सेल, कॅल्क की गूगल शीट्स?

प्रश्न: घोडबंदर रोडवरच्या 96 सदनिकांच्या सोसायटीचा मी मानद सचिव आहे. दरमहा देखभाल बिलं, थकबाकीची पत्रं आणि सभेच्या मराठी नोटिसा एवढंच संगणकाचं काम. एमएस ऑफिसचं वार्षिक सदस्यत्व आता संपतंय. खजिनदार म्हणतात लिब्रेऑफिस घेऊ, फुकट आहे. समितीतली तरुण मंडळी गूगल शीट्सच्या बाजूने आहेत. वापरायला सोपं कोणतं?

उत्तर: आधी दिसण्याचा मुद्दा बाजूला ठेवा. लिब्रेऑफिस जुनाट दिसतं ही तक्रार 'व्ह्यू' मेनूतल्या 'यूजर इंटरफेस'मध्ये जाऊन 'टॅब्ड' निवडलं की बरीचशी मिटते. खरी अडचण येते ती बोटांना लागलेल्या सवयींची.

सर्वांत महागात पडणारी सवय ही: पहिल्या सेलमध्ये 2500 लिहून कोपऱ्यातला ठिपका खाली ओढायचा. एक्सेल आणि शीट्स खाली सगळीकडे 2500च भरतात. लिब्रेऑफिसचं कॅल्क मात्र 2500, 2501, 2502 असं वाढवत नेतं. शेवटच्या सदनिकेला 2595 रुपयांचं बिल जातं आणि एकूण मागणी 2,40,000 ऐवजी 2,44,560 होते. वरच्या चार-पाच ओळींत फरक इतका किरकोळ असतो की बेरीज जुळवेपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही. उपाय सोपा आहे: कंट्रोल दाबून ठेवून ओढा. त्याहून चांगलं म्हणजे पहिल्या रकमेपासून शेवटच्या सदनिकेपर्यंतचे सेल निवडून कंट्रोल-डी दाबा. ते तिन्हीकडे सारखंच चालतं, म्हणून खजिनदारांना तीच सवय लावा.

दुसरी गोष्ट लाखाच्या स्वल्पविरामाची. एक्सेल तो विंडोजकडून घेतं: कंट्रोल पॅनेल, रीजन, अ‍ॅडिशनल सेटिंग्ज, आणि तिथल्या 'डिजिट ग्रुपिंग'मध्ये 12,34,56,789. पण ही सोय त्या संगणकापुरती. तीच फाइल हिशेबतपासनिसाच्या संगणकावर 244,560 अशी उघडू शकते. शीट्समध्ये 'फाइल', 'सेटिंग्ज', 'लोकॅल' इथे इंडिया निवडलं की सेटिंग फाइलबरोबरच राहतं. या बाबतीत शीट्स सरळ सरस आहे.

थकबाकीच्या पत्रांना मात्र वर्डच सोयीचं. 'मेलिंग्ज' टॅबमध्ये यादी जोडा, नाव आणि रक्कम यांची फील्ड घाला, 96 पत्रं तयार. लिब्रेऑफिसच्या रायटरमध्येही हे होतं, पण आधी यादीची फाइल डेटा सोर्स म्हणून नोंदवावी लागते आणि नवशिके तिथेच अडकतात. गूगल डॉक्समध्ये ही सोय मुळात नाही, अ‍ॅड-ऑन म्हणजे बाहेरच्या कुणीतरी बनवलेला जोड-प्रोग्राम बसवावा लागतो. सोसायटीच्या सभासदांची यादी परक्या अ‍ॅड-ऑनच्या हाती देऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. आणखी एक खाचखळगा: एक्सेलमध्ये 2500.00 दिसणारी रक्कम वर्डच्या पत्रात नुसती 2500 उतरते, कधी दशांशांची लांबलचक शेपटी घेऊन येते. बाजूच्या रकान्यात =TEXT(B2,"0.00") लिहा आणि पत्रात तो रकाना जोडा.

मराठी नोटीस तिन्हीकडे युनिकोडमध्ये नीट टाइप होते. रायटरमध्ये देवनागरीचा फॉन्ट इंग्रजीपासून वेगळा ठरवावा लागतो. 'टूल्स', 'ऑप्शन्स'मध्ये रायटरखाली 'बेसिक फॉन्ट्स (सीटीएल)' असं पान आहे, तिथे निर्मला यूआय निवडून आकार ठरवा. ते पान दिसत नसेल तर भाषांच्या विभागात 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'वर खूण करा. नोटीस सभासदांना पाठवताना पीडीएफच पाठवा. दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसला की ओळी सरकतात आणि सह्यांचा भाग एकटाच दुसऱ्या पानावर जातो.

वर्ड सोयीचं असलं तरी तुमचं सदस्यत्व संपतंय, म्हणून तुमच्या कामाला आम्ही सुचवू ते असं: हिशेब शीट्समध्ये, पत्रं रायटरमध्ये. दोघांनी एकाच वेळी भरणा नोंदवला तरी शीट्समध्ये गोंधळ होत नाही, आणि चुकून काही पुसलं गेलं तर 'व्हर्जन हिस्टरी'तून परत आणता येतं. सूत्रांचे रकाने 'डेटा' मेनूतून 'प्रोटेक्ट' करून ठेवा. फक्त फाइल कुणाच्या खासगी जीमेलवर नको. सोसायटीच्या नावाने वेगळं खातं उघडा, नाहीतर समिती बदलली की हिशेब जुन्या सचिवांच्या खात्यात राहतो. महिनाअखेरीस एक्सेल स्वरूपात प्रत उतरवून रायटरची पत्रं त्या प्रतीवरून काढा.

प्रश्न: कोपरखैरण्यात माझं छोटं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. ऑफिस 2019 अजून नीट चालतं. बदलायलाच हवं का?

उत्तर: हो, तुमच्या धंद्यात हवंच. 14 ऑक्टोबर 2025पासून त्याचे सुरक्षा अपडेट बंद झाले आहेत. प्रोग्राम उघडत राहील, पण तुमच्याकडे दिवसभर अनोळखी पेनड्राइव्हमधल्या फाइली येतात, आणि धोका तिथेच असतो. नुसती छपाई आणि किरकोळ दुरुस्ती असेल तर लिब्रेऑफिस पुरेल. ते बसवल्यावर 'ऑप्शन्स'मधल्या 'लोड/सेव्ह', 'जनरल' इथे कायमचं वर्डचं स्वरूप निवडा. तसं न केल्यास फाइल ओडीटी या लिब्रेऑफिसच्या नेहमीच्या स्वरूपात सेव्ह होते आणि गिऱ्हाईक घरी जाऊन मोबाइलवर उघडायला गेलं की अडू शकतं.